दोनशे प्रतींचा हिशेब

रेकॉर्डच्या मागे पेन्सिलीने '४७/२००' असं लिहिलेलं दिसलं की घेणाऱ्याच्या मनात पहिली शंका हीच येते की भाव चढावा म्हणून आकडा मुद्दाम आखडता ठेवलाय. तसं करणारेही आहेतच. पण एका मित्राचं प्रायोगिक संगीत बारा इंची रेकॉर्डवर काढून, त्या २०० प्रती स्वतः विकून झाल्यावर मला एवढं नक्की सांगता येईल की छोट्या आवृत्तीचा आकडा बहुतेक वेळा काढणाऱ्याच्या हातात नसतोच. थोडा कारखाना ठरवतो, थोडा खिसा, थोडी घरातली रिकामी जागा, आणि उरलेला ऐकणाऱ्यांची यादी.

जुन्या रेकॉर्डींचंही हेच. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात हौशी मंडळींनी खाजगीत काढलेल्या कितीतरी रेकॉर्डी नेमक्या ९९ प्रतींच्या आहेत. कारण साधं आहे, शंभराच्या आत राहिलं की परचेस टॅक्स लागत नसे. आज त्याच रेकॉर्डींसाठी संग्राहक जीव टाकतात आणि ९९ म्हणजे काहीतरी गूढ खूण असल्यासारखं बोलतात. मुळात ती करबचत! थ्रॉबिंग ग्रिसल या ब्रिटिश संगीतगटाने १९७७मध्ये स्वतःच्या इंडस्ट्रियल रेकॉर्ड्सतर्फे पहिली एलपी काढली ती ७८५ प्रतींची. हा आकडाही काही शोभेसाठी निवडल्यासारखा वाटत नाही.

तर मित्राकडे दोन लांब रचना तयार होत्या. एकीत पाण्याच्या पंपाच्या मोटरची घरघर आणि पत्र्याच्या टाकीला चिकटवलेल्या काँटॅक्ट मायक्रोफोनमधून टिपलेले आवाज. दुसरीत बाहेरून काहीही न जोडलेला, आवाज मिसळायचा मिक्सर. त्याच्या आउटपुटची वायर त्याच्याच इनपुटमध्ये खुपसायची आणि जो फीडबॅक उठेल त्याला बटणं फिरवून वळण लावायचं. तोशिमारू नाकामुरा या जपानी कलाकाराने ही 'नो-इनपुट' रीत १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून नावारूपाला आणली. मित्र त्याच वाटेवरचा, फक्त बराच जास्त कर्कश.

हे कॅसेटवर काढणं सोपं होतं. त्याच्या आधीच्या गोष्टी मी कॅसेटवरच काढल्या होत्या. दोन डेक जोडून हव्या तेवढ्याच प्रती घरी करता येतात, संपल्या तर आणखी करता येतात, पैसा अडकून पडत नाही. पण या वेळी त्याने हट्ट धरला तो लॉक्ड ग्रूव्हचा. रेकॉर्ड संपते तिथली शेवटची खाच स्वतःलाच येऊन मिळालेली असते, म्हणून सुई लेबलवर न घसरता तिथेच फिरत राहते. एरवी ती खाच मुकी असते. तिच्यात आवाज कोरला तर तो कुणी उठून सुई उचलेपर्यंत वाजत राहतो. पिएर शेफेर या फ्रेंच संगीतकाराने १९४८मध्ये पॅरिसच्या रेडिओवर अशाच बंद खाचांच्या तबकड्या घेऊन प्रयोग केले होते. पुढे अमेरिकेतल्या आरआरआरेकॉर्ड्स या कंपनीने १९९८मध्ये एकाच एलपीवर वेगवेगळ्या कलाकारांच्या ५०० बंद खाचा कोरल्या. सीडीवर किंवा फाइलवर याची नक्कल करता येते, पण तिथे कधीतरी यंत्र आपणहून थांबतं. इथे थांबवायची जबाबदारी ऐकणाऱ्याची. मला ते पटलं आणि रेकॉर्ड काढायची ठरली.

मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने एक फेरा बरोबर १.८ सेकंदांचा होतो. मित्राने मोटरच्या घरघरीतला असा तुकडा शोधला की तो १.८ सेकंदांत पुरा व्हावा आणि सांधा ऐकू येऊ नये. यात त्याचे किती दिवस गेले ते विचारायची सोय नव्हती.

कटिंग करणाऱ्या, म्हणजे मूळ तबकडीवर यंत्राने खाच कोरणाऱ्या तज्ज्ञांना फाइली पाठवल्या. असं संगीत कापायला सगळेच राजी नसतात. त्या यंत्राच्या, म्हणजे लेथच्या, कोरणाऱ्या कटर हेडमध्ये तारेची नाजूक वेटोळी असतात आणि सतत तीव्र, उंच पट्टीचा आवाज घातला तर ती तापून जळू शकतात. नॉइमानच्या एसएक्स ७४सारख्या हेडमध्ये ती थंड ठेवायला हेलियम सोडतात, यावरून कल्पना यावी. या गृहस्थांनी आधी अशी कामं केली होती. त्यांचं उत्तर आलं, "दोन्ही बाजूंची नेमकी लांबी कळवा. सगळ्यात मोठा आवाज कुठे आहे ते सांगा. आणि जे बिघाडासारखं ऐकू येईल पण तुम्हाला मुद्दाम हवं आहे, त्याची वेळेसकट यादी द्या."

ही तिसरी मागणी मला फार आवडली. मित्र आणि मी हेडफोन घालून बसलो आणि यादी केली. 'अ बाजू, ४ मि. १२ से. : डाव्या चॅनलमध्ये करकर, मुद्दाम.' 'अ बाजू, ९ मि. ३० से. पासून : उजवा चॅनल हळूहळू नाहीसा होतो, मुद्दाम.' 'ब बाजू, ११ मि. ४० से. : दोन्ही चॅनल पूर्ण शांत, ९ सेकंद, मुद्दाम.' एका ठिकाणी तो अडखळला. तिथली टकटक मुळात वायर सैल असल्याने आली होती, पण आता त्याला ती हवी होती.

"मग काय लिहू?" मी विचारलं.

"मुद्दाम लिही की. आता आहे ना मुद्दाम?"

पानभर यादी झाली. पुढे तिचा उपयोग झाला तेवढा कुठल्याच कराराचा झाला नाही.

तज्ज्ञांनी दोन बदल सुचवले. पहिला खालच्या सुरांबद्दल. डाव्या आणि उजव्या चॅनलमधला खर्ज एकमेकांच्या उलट्या फेजमध्ये असला की खाच आडवी हलण्याऐवजी खालीवर होते, कुठे फार खोल, कुठे इतकी उथळ की सुई टिकत नाही. मित्राच्या फीडबॅकमध्ये हे भरपूर होतं. खालचा भाग मोनो, म्हणजे दोन्ही चॅनलमध्ये एकसारखा, करावा लागेल म्हटल्यावर तो थोडा हिरमुसला, पण ऐकून बघितल्यावर म्हणाला, की त्याने धक्का उलट जास्तच बसतोय. दुसरा बदल क्रमाचा. रेकॉर्ड एकाच गतीने फिरत असली तरी बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला ५० सेंटिमीटरच्या आसपास लांबी सरकते आणि लेबलजवळ जेमतेम २१. म्हणजे उंच पट्टीचे बारकावे कोरायला आत जागाच कमी. त्याची दुसरी रचना शेवटाकडे अतिकर्कश होत जायची, आणि नेमका तो भाग सगळ्यात आतल्या खाचांत येत होता.

तो चिडला. "म्हणजे रेकॉर्ड ठरवणार माझी रचना कुठे संपायची?"

"ठरवणारच. लॉक्ड ग्रूव्ह हवी म्हणून तूच आला आहेस ना तिच्याकडे?"

दोन दिवस फोन नाही. मग त्याने स्वतःच ती रचना उलटी बांधली. सुरुवातीलाच कर्कश भाग, आणि शेवटाकडे फक्त हळू होत जाणारी घरघर. कॅसेटसाठी केलं असतं तर ती अशी झालीच नसती, आणि माझ्या मते आताचीच जास्त चांगली आहे. दोन्ही बाजू १८ ते १९ मिनिटांच्या राहिल्या. त्याहून लांब गेलं की खाचा दाटीने बसवाव्या लागतात आणि आवाज खाली घ्यावा लागतो. नॉइज, म्हणजे गोंगाटाचंच संगीत, हळू आवाजात विकण्यात काय अर्थ?

आकड्याचा प्रश्न या टप्प्यावर आला. कापलेली लॅकर, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा थर दिलेली ॲल्युमिनियमची तबकडी, कारखान्यात जाते. तिच्यावर चांदीचा फवारा मारतात, मग निकेलचा थर चढवून सोलून काढतात. तो झाला फादर. मोठी आवृत्ती असेल तर फादरवरून मदर आणि मदरवरून हवे तेवढे स्टँपर, म्हणजे प्रती दाबायचे साचे. छोट्या कामाला फादरलाच स्टँपर करून टाकतात. खर्च वाचतो, पण लॅकर या प्रक्रियेत निकामी झालेली असते, त्यामुळे तो स्टँपर झिजला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. एका स्टँपरवर हजाराच्या आसपास प्रती निघतात म्हणतात. आम्हाला कुठे तेवढ्या हव्या होत्या!

कटिंग, निकेलचं काम, यंत्रावर साचा चढवणं, हा खर्च १०० प्रतींना जेवढा तेवढाच ५००ला. प्रत्येक जास्तीची प्रत म्हणजे थोडं प्लॅस्टिक आणि थोडा कागद. त्यामुळे कारखान्याकडून "३०० घेतल्या तर प्रतीमागे बरंच स्वस्त पडेल" हे वाक्य येतंच. कागदावर ते खरंही असतं. इथेच छोटी लेबलं, म्हणजे रेकॉर्डी काढणाऱ्या छोट्या कंपन्या, गाळात जातात. स्वस्तात पडलेल्या त्या वरच्या शंभर प्रती पुढची पाच वर्षं पलंगाखाली असतात, आणि त्यात अडकलेल्या पैशात पुढची रेकॉर्ड निघाली असती.

मी उलट्या बाजूने मोजायला घेतलं. मित्राच्या आधीच्या कॅसेट घेणारे कोण, त्यांची नावं वहीत लिहिली. ज्या लेबलांशी अदलाबदल चालते ती लिहिली. जी दुकानं असला माल ठेवतात ती, आणि प्रत्येक दुकान फार तर किती घेईल ते. कलाकाराचा मोबदला प्रतींच्याच रूपात द्यायचा, आवृत्तीच्या पाचव्या हिश्शाएवढा, असा अशा छोट्या लेबलांमध्ये बऱ्याच ठिकाणी रिवाज आहे. म्हणजे २०० काढल्या तर ४० मित्राच्या. नावानिशी सांगता येतील अशा प्रती दीडशेच्या पुढे जाईनात. शिवाय जॅकेटसकट एक प्रत पाव किलोच्या वर भरते, २०० म्हणजे पन्नास किलोंहून जास्त, आणि त्या उभ्या ठेवायच्या तर पाऊण मीटर फळी लागते. आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात. माझ्याकडे तेवढी एकच फळी रिकामी होती. १०० काढल्या तर प्रतीची किंमत इतकी चढत होती, की मी स्वतःही घेतली नसती. म्हणून २००.

रंगीत प्लॅस्टिक घ्यायचं का, असाही सवाल आला. पन्नास काळ्या, पन्नास लाल, पन्नास पारदर्शक, पन्नास ठिपक्यांच्या, असं केलं तर काही संग्राहक चारही रंग घेतात आणि आवृत्ती हातोहात संपते. मला हा प्रकार आवडत नाही. एकाच माणसाला तेच संगीत चारदा विकून ऐकणारा एकच राहतो. काळीच घेतली.

मग वाट बघणं. फेब्रुवारी २०२०मध्ये कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावी अपोलो मास्टर्स हा लॅकर बनवणारा कारखाना जळाला आणि जगभरच्या लॅकरचा भार मुख्यतः जपानच्या एमडीसी या कंपनीवर आला, तेव्हापासून या धंद्यात कुणी तारीख छातीठोकपणे सांगत नाही. त्यात २००८पासून दर एप्रिलला रेकॉर्ड स्टोअर डे, म्हणजे रेकॉर्डच्या दुकानांचा उत्सव, असतो. त्याच्या आधीचे काही महिने मोठ्या कंपन्यांची कामं यंत्रं अडवून बसतात आणि दोनशेवाले मागे सरकतात. यावर उपाय एकच, टेस्ट प्रेसिंग, म्हणजे तपासायला आधी दाबलेल्या मोजक्या प्रती, हातात येऊन मंजूर होईपर्यंत कुणालाही प्रकाशनाची तारीख न सांगणं आणि आगाऊ पैसे न घेणं. हे मी कटाक्षाने पाळलं. मित्राला ते भित्रेपणाचं वाटलं.

टेस्ट प्रेसिंग पांढऱ्या कोऱ्या लेबलच्या आल्या. त्या ऐकण्याचीही रीत असते. एकट्याने एकाच टर्नटेबलवर ऐकायच्या नाहीत. निदान दोन यंत्रं, दोन सुया, दोन माणसं. दोष सापडला की तो सगळ्या प्रतींत त्याच जागी आहे का ते बघायचं. एकाच प्रतीत असेल तर दाबताना पडलेली धूळ किंवा ती प्रतच खराब. सगळ्यांत असेल तर दोष वरून आलेला, स्टँपरमधला नाहीतर लॅकरमधला. टकटक बरोबर १.८ सेकंदांनी परत येत असेल तर शेजारशेजारच्या खाचांवर आडवा ओरखडा. आवाज एका लयीत वरखाली डुलत असेल तर मधलं भोक केंद्रात नाही. कापड फाडल्यासारखा खर्रर्र आवाज असेल तर प्लॅस्टिक खाचेत पुरतं भरलेलं नाही.

आणि मित्राच्या संगीतात टकटक, डुलणं आणि खर्रर्र हे तिन्ही होतं.

आता ती यादी कामाला आली. तिच्यात असलेलं सगळं जागच्या जागी होतं. ब बाजूच्या सुरुवातीला मात्र यादीत नसलेली टकटक निघाली, सगळ्या प्रतींत, त्याच जागी, १.८ सेकंदांच्या अंतराने दहाबारा वेळा. मी खूण केली. मित्राने पुन्हा ऐकली, पुन्हा ऐकली, आणि त्याचा चेहरा उजळला.

"राहू दे ना. झकास बसलीये."

"यादीत नाही."

"यादीत घालू."

खरोखर ती वाईट वाटत नव्हती. अशा संगीतात बिघाडाला कुठवर आत घ्यायचं याला नियम नाही, आणि बऱ्याचदा मी त्याच्या बाजूने असते. पण ब बाजूचा शेवट १.८ सेकंदांच्या फेऱ्याचा आहे. सुरुवातीलाच कानाला त्या लयीची सवय लागली, तर शेवटी घरघर अडकते तेव्हा ती अडकल्याचं कळायला जो वेळ लागायला हवा, तो लागणारच नाही. सगळी गंमत त्या उशिरात आहे. हे बोलल्यावर तो गप्प झाला आणि म्हणाला, "पाठव परत." कारखान्याने कुरकुर न करता ब बाजूचं निकेलचं काम नव्या लॅकरवरून केलं. वेळ गेला तो गेलाच.

छपाईबद्दल फार सांगण्यासारखं नाही. साधी काळी जॅकेटं आणली, वर स्क्रीनप्रिंट केलेला कागद चिकटवला. डिंक पाण्याचा वापरला तर पुठ्ठा वाकतो, एवढं ध्यानात ठेवावं. आतलं पाकीट नुसत्या कागदाचं न घेता प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं घ्यावं, कारण कोरा कागद नव्या रेकॉर्डवर बारीक रेघा ओढतो. मधल्या लेबलबद्दल एक गोष्ट मात्र मला आधी माहीत नव्हती. ते गोंदाने चिकटवलेलं नसतं. आधी ते भट्टीत वाळवून त्यातला ओलावा घालवतात आणि गरम प्लॅस्टिकच्या गोळ्याच्या वर-खाली ठेवून त्याच दाबाखाली रेकॉर्डमध्येच बसवून टाकतात. ओलावा राहिला तर लेबलवर फोड येतो. आमच्या दोनेक प्रतींवर तसा फोड होताच. त्या मी बाजूला काढल्या.

कारखाने मागणीपेक्षा साधारण दहा टक्के कमी किंवा जास्त माल देण्याची मुभा ठेवतात. आमच्या थोड्या जास्त आल्या. क्रमांक २००पर्यंतच घातले. वरच्या बिनआकडी प्रती टपालात फुटणाऱ्यांच्या बदल्यात द्यायला ठेवल्या. आणि क्रमांकाबद्दल संग्राहकांना न आवडणारी गोष्ट सांगते. १ नंबरची प्रत आधी दाबली गेलेली नसते. खोक्यातून हाताला येईल तशी जॅकेटं घेऊन मी पेन्सिल चालवली. ३ नंबर हवा म्हणून पत्र लिहिणाऱ्यांना मी ३ नंबरच पाठवते, पण त्यातला आवाज १९३सारखाच असतो.

विक्री सुरू झाली ती बँडकँप या संगीत विकायच्या वेबसाइटवर. २००८पासूनचं हे ठिकाण वस्तूंवर १० टक्के आणि डिजिटलवर १५ टक्के घेतं. २० मार्च २०२०पासून काही ठरावीक शुक्रवारी ते स्वतःचा हिस्सा सोडतं, म्हणून असाच एक शुक्रवार धरला. फाइली मात्र कायमच्या खुल्या ठेवल्या. ज्याला फक्त ऐकायचंय त्याला २०० प्रतींच्या भिंतीवर डोकं आपटायला लावायचं नाही, एवढं मी आणि मित्राने पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. पहिल्या आठवड्यात वहीतली बरीचशी नावं येऊन गेली. आणि मग, जसं होतं तसं, सगळं थंडावलं.

पॅकिंग हे या धंद्यातलं खरं काम. रेकॉर्ड जॅकेटच्या आत ठेवून पाठवली की वाटेत आपटून तिची कडा जॅकेटची शिवण फाडते. म्हणून रेकॉर्ड आतल्या पाकिटासकट बाहेर काढून जॅकेटच्या मागे ठेवायची, दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा, आणि त्या पुठ्ठ्यांच्या आतल्या लाटदार नळ्या एकमेकींना काटकोनात. कोपऱ्यांना मोकळी जागा. कोपरा चेपला की नवी रेकॉर्डही जुनी ठरते. परदेशी पार्सलांवर कस्टमचा कागद खरा भरायचा. युरोपीय संघाने १ जुलै २०२१पासून छोट्या पार्सलांची करमाफी काढून घेतल्यावर तिथल्या काही गिऱ्हाइकांनी दारात कर मागितला म्हणून पार्सलं नाकारली आणि ती फिरून माझ्याकडे आली. आता तिकडच्या मागण्या मी तिथल्याच एका लेबलमार्फत भागवते.

दुकानांचा अनुभव संमिश्र. काही रोख घेतात, घाऊक दराने, परत करत नाहीत. काही कन्साइनमेंटवर, म्हणजे विकलं तर पैसे. एका दुकानाने प्रती विकून टाकल्या आणि पैशाला इतकं झुलवलं, की शेवटी त्या रकमेच्या जुन्या रेकॉर्डी उचलून मी हिशेब मिटवला. त्यानंतर कन्साइनमेंटला पाचच्या वर देत नाही आणि वहीत सही घेते. दुसऱ्या एका दुकानदाराने जॅकेट उलटंसुलटं करून विचारलं, "ही मी ठेवू कुठल्या खणात?" जॅझ नाही, इलेक्ट्रॉनिक म्हणावं तर ताल नाही. मी तिथेच एका कार्डावर लिहून दिलं : 'पाण्याचा पंप, पत्र्याची टाकी आणि स्वतःशीच बोलणारा मिक्सर. ब बाजू आपोआप संपत नाही.' कार्ड जॅकेटवर लावून त्यांनी रेकॉर्ड गल्ल्याजवळ उभी केली. त्या दुकानाने नंतर पुन्हा मागवल्या.

पण आवृत्ती खरी हलली ती अदलाबदलीने. नॉइजच्या जगात ही जुनी रीत आहे. माझ्या पाच प्रती तुझ्याकडे, तुझ्या पाच माझ्याकडे, टपाल ज्याचं त्याचं. पैसा हातात खेळत नसतो, तेव्हा माल फिरतो. प्रतीला प्रत असा सरळ हिशेब चालत नाही. एलपीच्या बदल्यात कॅसेट असतील तर दोनाला एक किंवा तीनाला एक, घाऊक किमतीवरून. मी बऱ्याच लेबलांशी अशी अदलाबदल केली आणि माझ्याकडे इतरांच्या रेकॉर्डी, कॅसेट, झेरॉक्स कव्हरातल्या सीडी साचायला लागल्या. त्या विकल्याशिवाय माझी रेकॉर्ड विकली गेली असं म्हणता येत नव्हतं, कारण तिचीच किंमत त्यांत अडकली होती. लेबल चालवणारी मी अशी विक्रेती झाले.

त्यातून शिकावं लागलं ते वेगळंच. स्वतःच्या रेकॉर्डबद्दल चार ओळी लिहिणं सोपं, दुसऱ्याच्या रेकॉर्डबद्दल लिहायला ती पुरती ऐकावी लागते. मी महिन्याला एक यादी पाठवायला लागले, प्रत्येक वस्तूपुढे दोनतीन वाक्यं, न आवडलेल्याबद्दलही. 'दुसरी बाजू पहिलीचीच लांबण, पण पहिलीसाठी घ्या' असं लिहिलं, त्या कॅसेट सगळ्यात आधी संपल्या. कौतुकाचे ढीग घातलेल्या तशाच पडून. लोकांना विक्रेत्याचा कान कळला की ते त्याच्या विरुद्ध अंदाजही बांधतात. एक गिऱ्हाईक मी नावं ठेवलेल्याच गोष्टी मागवतं आणि खूश असतं. दुसऱ्यांच्या मालासाठी आलेले हे लोक पार्सलात जागा आहेच म्हणून आमची रेकॉर्डही घालायला सांगू लागले. माझ्या वहीत नसलेली ही नावं होती. शेवटच्या पन्नासएक प्रती अशाच गेल्या.

अदलाबदलीत वाईट अनुभवही येतात. काहीजण त्यांच्याकडे वर्षानुवर्षं न खपलेला गठ्ठाच पाठवून देतात. म्हणून आधी ऐकायला मागते आणि नाही म्हणायला लाजत नाही.

डिस्कॉग्जवर नोंद मीच केली, लेबलजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेल्या मॅट्रिक्स क्रमांकासकट. २०००मध्ये सुरू झालेल्या या सूचीत नोंद नसली तर संग्राहकाच्या लेखी रेकॉर्ड निघालीच नाही. प्रती संपायच्या आतच तिथे कुणीतरी आमची एक प्रत मूळ किमतीच्या दुपटीने लावली. मित्र खवळला. मला फारसं काही वाटलं नाही. आमच्या पानावर तीच रेकॉर्ड मूळ किमतीला मिळत होती, मग ज्याने दुप्पट दिली त्याने न शोधण्याचे पैसे दिले. मात्र अशा माणसाने एकदम सहा प्रती मागितल्या तेव्हा मी दोनच दिल्या. दुकान असेल तर नाव सांग, घाऊक दर लावते, असं लिहिलं. उत्तर आलं नाही.

शेवटची क्रमांकित प्रत गेल्यावर अपेक्षेप्रमाणे पत्रं आली, पुन्हा काढा. त्याच सुमाराला कारखान्याचीही विचारणा आली, की स्टँपर सांभाळायचे असतील तर भाडं लागेल, नाहीतर निकेल मोडीत जाईल. पुन्हा हिशेब मांडला. मागणारे मोजके, जेमतेम दोन डझन, आणि कारखाना शंभराखाली यंत्राला हात लावत नाही. दोन डझन लोकांसाठी पाऊणशे प्रती फळीवर ठेवायच्या, की त्या पैशात त्याचं नाहीतर दुसऱ्या कुणाचं नवं काही काढायचं? शिवाय ज्यांनी '/२००' वाचून घेतली त्यांना दिलेला शब्द होताच, जरी तो शब्द माझ्या फळीच्या लांबीवरून ठरला असला तरी. मित्राला विचारलं. तो तेव्हा एका जुन्या फॅक्स मशीनच्या आवाजांत बुडालेला होता. "मोडीत जाऊ दे," म्हणाला, "आणि हे कॅसेटवरच काढू. यात खर्जच नाही." कारखान्याला तसं कळवलं, पत्र लिहिणाऱ्यांना फाइलींचा पत्ता पाठवला, आणि दोघांना, ते फारच चिकाटीचे निघाले म्हणून, लेबलवर फोड आलेल्या प्रती फोडाचा फोटो आधी दाखवून अर्ध्या किमतीत दिल्या.